स्मार्ट कार्डावर अ‍ॅप्लेट बसवताना मेमरीचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘या कार्डात आपले अ‍ॅप्लेट मावेल का?’ असे कोणी विचारले की मी उलट विचारतो, ‘कोणत्या मेमरीत?’ जावा कार्डावर, म्हणजे जावात लिहिलेले छोटे प्रोग्राम (अ‍ॅप्लेटे) चालवणाऱ्या स्मार्ट कार्डावर, तीन वेगळी खाती असतात: कोडची जागा, कायमच्या डेटाची जागा आणि रॅम. यांतल्या एका खात्यात भरपूर शिल्लक असून दुसऱ्यात काहीच उरले नसेल, तरी इन्स्टॉल फसते. खालचे प्रश्न मला सहकाऱ्यांनी वेळोवेळी विचारलेले आहेत. काही मी स्वतःलाच विचारले होते, तेही रात्री उशिरा.

एक सूचना. सोळाच्या पायावरचे आकडे इथे देवनागरीत लिहिले आहेत. ‘६ए८४’ म्हणजे कार्डाने आज्ञेचा निकाल म्हणून परत दिलेले दोन बाइटांचे स्टेटस वर्ड, इथे ‘जागा अपुरी’ असे सांगणारे.

कॅप फाइल ३० केबीची आहे. म्हणजे कार्डावर ३० केबी लागणार ना?

नाही. कॅप फाइल, म्हणजे कार्डावर चढवायच्या पॅकेजची फाइल, ही मुळात झिप फाइल आहे. आत हेडर, डिरेक्टरी, इम्पोर्ट, अ‍ॅप्लेट, क्लास, मेथड, स्टॅटिक फील्ड, एक्स्पोर्ट, कॉन्स्टंट पूल, रेफरन्स लोकेशन, डिस्क्रिप्टर आणि डीबग असे वेगवेगळे घटक असतात. डिस्कवर दिसणारा आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो. झिपने दाबल्यामुळे तो खऱ्यापेक्षा कमी दिसतो, आणि कार्डावर कधीच न जाणारा डीबग घटक आत असेल तर जास्त दिसतो. हे दोन्ही एकमेकांना खोडून आकडा योगायोगाने बरोबर आला, तर तो सगळ्यात वाईट प्रसंग. पुढच्या वेळी आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो.

मग कोडची जागा नेमकी कशी काढायची?

झिप उघडून आतल्या प्रत्येक घटकाचा न दाबलेला आकार पाहा. कोणत्याही झिप हत्याराची ‘यादी दाखवा’ ही सोय पुरते. समजा यादी अशी आली: हेडर, डिरेक्टरी, इम्पोर्ट आणि अ‍ॅप्लेट मिळून ११० बाइट, क्लास ६००, मेथड ९,२००, स्टॅटिक फील्ड ३१०, कॉन्स्टंट पूल १,०५०, रेफरन्स लोकेशन ७८०, डिस्क्रिप्टर ३,४००, डीबग १४,०००.

सगळे मिळून २९,४५० होतात. डीबग काढा. डिस्क्रिप्टर पाठवायचा की नाही हे लोडर आणि कार्ड यांच्यावर अवलंबून असते, तो आधी काढून ठेवा. उरतात १२,०५० बाइट. लोड करताना कार्डाकडे एवढे जातात.

पण कायमचे राहतात त्याहून कमी. कॉन्स्टंट पूल आणि रेफरन्स लोकेशन यांचे मुख्य काम जोडणीच्या वेळी असते. बाइटकोडातले निर्देश कार्डावरच्या खऱ्या पत्त्यांशी जुळवून झाले की त्यांची गरज संपते, आणि बरीच कार्डे ते टाकून देतात. तशा कार्डावर वरच्या उदाहरणात १०,२०० च्या आसपास उरेल. नेमके इथेच घोडे पेंड खाते: इन्स्टॉल होण्यासाठी लागणारी जागा आणि इन्स्टॉल झाल्यावर व्यापलेली जागा हे दोन वेगळे आकडे आहेत. कार्ड निवडताना मोठा आकडा धरा. एकामागून एक चार पॅकेजेस चढवायची असतील, तर आधीच्या तिघांचा लहान आकडा आणि शेवटच्याचा मोठा, असा हिशेब करा. म्हणूनच मी सगळ्यात मोठे पॅकेज आधी चढवतो, जागा मोकळी असते तेव्हा.

स्टॅटिक फील्ड कोडमध्ये धरायचे की डेटात?

पॅकेजबरोबर येते म्हणून कोडबरोबर धरा. ते पॅकेजमागे एकदाच लागते, त्यातून इन्स्टन्स (कार्डावर प्रत्यक्ष बसवलेल्या प्रती) कितीही केले तरी. स्टॅटिक फायनल आकडे बाइटकोडातच भरले जातात, त्यांना वेगळी जागा नाही. स्टॅटिक फायनल अ‍ॅरे मात्र खराखुरा अ‍ॅरे असतो. २५६ बाइटांचे कोष्टक स्टॅटिक ठेवले की कायमच्या मेमरीतून २५६ अधिक वरचा खर्च (प्रत्येक ऑब्जेक्टमागे कार्ड स्वतःच्या नोंदींसाठी घेते ती जागा) गेलाच. डिरेक्टरी घटकात स्टॅटिक फील्डची प्रतिमा आणि अ‍ॅरेंची सुरुवातीची मूल्ये किती बाइटांची आहेत हे वेगळे नोंदलेले असते. हाताने मोजत बसू नका, तिथून वाचा.

इन्स्टन्स तयार केला की किती जाते?

इथे कागदावर बराच हिशेब करता येतो, पण पूर्ण नाही.

कागदावर येणारा भाग असा. क्लास घटकात प्रत्येक क्लासच्या इन्स्टन्सचा आकार १६ बिटांच्या खणांमध्ये सांगितलेला असतो. बाइट, बूलियन, शॉर्ट किंवा रेफरन्स यांना प्रत्येकी एक खण, इंटला दोन. म्हणजे चार बूलियन फील्ड ठेवली की चार बाइट लागतील असे वाटते, पण खण चार म्हणजे आठ बाइट. झेंडे एका बाइटात बिट म्हणून भरणारे जुने लोक उगाच कंजूष नव्हते.

कागदावर न येणारा भाग म्हणजे प्रत्येक ऑब्जेक्टमागचा वरचा खर्च: कोणत्या क्लासचा, कोणाच्या मालकीचा, किती लांबीचा, आणि वर मेमरी व्यवस्थापकाने केलेली गोळाबेरीज. तो कार्डाकार्डाला वेगळा असतो आणि तपशीलपत्रात सहसा सापडत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. ५० नोंदी ठेवायच्या आहेत. प्रत्येकीत १६ बाइटांचे नाव, ३२ बाइटांची गुप्त किल्ली आणि ४ बाइटांचा गणक. जावाच्या सवयीने लिहिले तर प्रत्येक नोंद एक ऑब्जेक्ट, त्यात दोन अ‍ॅरेंचे रेफरन्स आणि गणकासाठी दोन शॉर्ट. म्हणजे चार खण, ८ बाइट, अधिक १६, अधिक ३२: एकूण ५६. पन्नास नोंदींचे २,८००. पण ऑब्जेक्ट झाले १५०. प्रत्येकामागे ८ बाइट वरचा खर्च धरला तर १,२०० वाढले, बेरीज ४,०००. वरचा खर्च १२ निघाला तर ४,६००.

तोच डेटा एका सलग अ‍ॅरेत ठेवला तर ५० गुणिले ५२ म्हणजे २,६००, आणि वरचा खर्च एकदाच. कोड थोडा कुरूप होतो, ऑफसेटची आकडेमोड करावी लागते. कार्डावर मी हा कुरूपपणा दर वेळी पत्करतो.

वरचा खर्च किती, हे कसे कळणार?

मोजून. एक छोटे चाचणी अ‍ॅप्लेट लिहा. त्याला आज्ञा दिली की ते शिल्लक मेमरी विचारेल, ठरलेल्या लांबीचे ठरलेल्या संख्येइतके अ‍ॅरे बनवेल, पुन्हा शिल्लक विचारेल आणि फरक परत पाठवेल. समजा १० बाइटांच्या १०० अ‍ॅरेंना २,००० बाइट गेले. म्हणजे प्रत्येकामागे १० बाइट वरचे.

एवढ्यावर थांबू नका. लांबी एकेकाने वाढवत न्या. फरक बहुधा गुळगुळीत वाढणार नाही, पायऱ्या दिसतील. दोन, चार, आठ बाइटांच्या पटीत कार्ड कुठे गोळाबेरीज करते ते त्यावरून कळते. एकच ऑब्जेक्ट बनवून मोजण्यात अर्थ नाही. मेमरी व्यवस्थापक एकदम मोठा तुकडा घेऊन त्यातून वाटप करत असेल, तर पहिल्या ऑब्जेक्टला अवाढव्य खर्च दिसतो आणि पुढच्या वीसांना शून्य. शंभरच्या पटीत बनवा आणि भागाकार करा. ही चाचणी अर्ध्या दिवसाची आहे, आणि नवे कार्ड हातात आले की मी ती आधी करतो. तपशीलपत्र नंतर वाचतो.

शिल्लक मेमरी कार्डालाच विचारता येते का?

दोन वाटा आहेत.

पहिली बाहेरून. ग्लोबलप्लॅटफॉर्म या कार्ड-व्यवस्थापनाच्या मानकातल्या गेट डेटा आज्ञेने एफएफ२१ हा टॅग (डेटाची ओळख सांगणारा क्रमांक) मागायचा: ८० सीए एफएफ २१ ००. त्याची रचना एट्सी या युरोपीय दूरसंचार मानक संस्थेच्या टीएस १०२ २२६ या मानकातली आहे. उत्तर साधारण असे दिसते:

एफएफ २१ १० ८१ ०२ ०० ०५ ८२ ०४ ०० ०० ९सी ४० ८३ ०४ ०० ०० ०७ डी०

८१ नंतर बसवलेल्या अ‍ॅप्लेटांची संख्या, इथे पाच. ८२ नंतर शिल्लक कायमची मेमरी, ९सी४० म्हणजे ४०,०००. ८३ नंतर शिल्लक रॅम, ७डी० म्हणजे २,०००. सगळीच कार्डे या टॅगला उत्तर देत नाहीत. ६ए८८ आले तर तो डेटा तिथे नाही असे समजा आणि दुसऱ्या वाटेने जा.

दुसरी वाट आतून. जावा कार्ड २.२ पासून ‘जेसी सिस्टम’ वर्गात ‘गेट अव्हेलेबल मेमरी’ आहे. तिला कायमची मेमरी, रीसेटला पुसली जाणारी रॅम किंवा डीसिलेक्टला पुसली जाणारी रॅम यांपैकी एक प्रकार द्यायचा. यात एक जुना सापळा आहे. ती शॉर्ट परत करते, आणि शिल्लक त्यापेक्षा जास्त असेल तर सरळ ३२,७६७ सांगते. मोठ्या कार्डावर तुम्ही अ‍ॅप्लेट बसवता, आधी ३२,७६७, नंतरही ३२,७६७, आणि वाटते काहीच खर्च झाले नाही! ३.०.४ पासून हीच मेथड दुसऱ्या रूपात मिळते, ती ३२ बिटांचा आकडा दोन शॉर्टमध्ये भरून देते. कार्ड त्याआधीचे असेल तर आधी मोठमोठे अ‍ॅरे बनवून शिल्लक ३२,७६७ च्या खाली आणा आणि मग मोजायला लागा. जहाजात वाळूची पोती भरतात तसला प्रकार आहे, पण चालतो.

आणि हा आकडा वरची मर्यादा आहे एवढेच लक्षात ठेवा. शिल्लक ५,००० म्हणजे ५,००० चा एक अ‍ॅरे मिळेलच असे नाही. मेमरीचे तुकडे पडलेले असू शकतात, आणि वरचा खर्च त्यातूनच जातो.

कायमच्या मेमरीत अर्धे कार्ड रिकामे आहे, तरी दुसरे अ‍ॅप्लेट बसत नाही. का?

बहुधा रॅम संपली. हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, कारण याने माझे दोन दिवस खाल्ले.

दोन अ‍ॅप्लेटे होती. वेगवेगळ्या कार्डांवर दोन्ही व्यवस्थित बसत. एकाच कार्डावर पहिले बसले की दुसरे नाकारले जाई. क्रम उलटा केला तर उलटे. मी कायमची मेमरी पाहत राहिलो, तिथे ढीगभर जागा. शेवटी रॅमचा आकडा पाहिला: सुरुवातीला १,६०० शिल्लक, पहिल्याने कामचलाऊ बफर म्हणून १,०२४ घेतलेले, उरले ५७६, आणि दुसरे मागत होते ७६८. दोघांनीही बफर रीसेटला पुसला जाणारा, म्हणजे ‘क्लिअर ऑन रीसेट’ प्रकारचा मागितला होता. तसा अ‍ॅरे कार्डाला वीज आहे तोवर त्या अ‍ॅप्लेटच्याच नावावर राहतो, अ‍ॅप्लेट निवडलेले असो वा नसो.

‘क्लिअर ऑन डीसिलेक्ट’ची गोष्ट वेगळी. दुसरे अ‍ॅप्लेट निवडले की तो पुसला जातो, त्यामुळे वेगवेगळ्या पॅकेजेसमधली अ‍ॅप्लेटे तीच रॅम आळीपाळीने वापरू शकतात. दोन्ही बफर त्या प्रकारचे केले आणि दोन्ही अ‍ॅप्लेटे बसली. हिशेबात फरक असा: रीसेटवाल्यांची बेरीज करायची, डीसिलेक्टवाल्यांतला सगळ्यात मोठा धरायचा. कार्डाने ही वाटून वापरण्याची सवलत दिलीच पाहिजे असे मात्र नाही. तेही मोजूनच पाहा. शिवाय एकाच वेळी अनेक लॉजिकल चॅनेल (कार्डाशी एकाच वेळी चालणारे वेगवेगळे संवाद) वापरात असतील तर प्रत्येक चॅनेलवर निवडलेल्या अ‍ॅप्लेटला आपापली जागा लागते, तेव्हा ‘सगळ्यात मोठा’ हे गणित मोडते.

डीसिलेक्टवाला अ‍ॅरे सगळीकडे वापरताही येत नाही. शेअरेबल इंटरफेसमधून, म्हणजे इतरांसाठी उघड्या ठेवलेल्या मेथडींच्या वाटेने, दुसऱ्या अ‍ॅप्लेटने तुमची मेथड बोलावली आणि तिने असा अ‍ॅरे हाताळला, तर सिक्युरिटी एक्सेप्शन मिळेल, कारण त्या क्षणी निवडलेले अ‍ॅप्लेट तुमचे नसते.

रॅम वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे एपीडीयू बफर, कार्डाकडे येणारी आज्ञा ज्यात उतरते तो. तो तसाही आहेच, आज्ञेतला डेटा वाचून झाला की तोच कामचलाऊ फळा म्हणून वापरा. फक्त किल्ली किंवा पिन तिथे उघडी पडू देऊ नका. आणि एक बारीकशी गोष्ट: रॅममधल्या अ‍ॅरेचाही काही भाग, त्याचे शीर्ष, बहुतेक कार्डांवर कायमच्या मेमरीत असतो. त्यामुळे लहान लहान दहा रॅम अ‍ॅरे करण्यापेक्षा एक मोठा करून वाटून वापरणे दोन्ही खात्यांना परवडते.

रॅम कमी आहे, तर कामचलाऊ बफर कायमच्या मेमरीत ठेवला तर?

ठेवता येतो, पण ठेवू नका. लिहिणे रॅमपेक्षा खूपच संथ असते आणि ईईप्रॉम किंवा फ्लॅशच्या एका जागेवर मर्यादित वेळाच लिहिता येते. दर आज्ञेला लिहिला जाणारा बफर तीच जागा झिजवत राहतो. वर मधले निकाल वीज गेल्यावरही मागे राहतात, तो सुरक्षेचा वेगळाच घोळ.

किल्ल्यांना किती जागा धरायची?

किल्लीच्या लांबीवर जाऊ नका, घटकांवर जा. आरएसए २०४८ ची सीआरटी पद्धतीची (गणित जलद व्हावे म्हणून तुकड्यांत ठेवलेली) खाजगी किल्ली म्हणजे १२८ बाइटांचे पाच घटक, ६४० बाइट. साध्या पद्धतीत मॉड्युलस आणि घातांक प्रत्येकी २५६, म्हणजे ५१२. सार्वजनिक किल्लीला मॉड्युलसचे २५६ आणि घातांकाचे सहसा ३.

लंबवर्तुळी वक्राच्या किल्ल्या लहान असतात अशी ख्याती आहे, आणि इथे हमखास चूक होते. पी-२५६ ची खाजगी किल्ली ३२ बाइटांची हे खरे. पण किल्लीच्या ऑब्जेक्टबरोबर वक्राचे पॅरामीटरही असतात: पी, ए, बी प्रत्येकी ३२, मूळ बिंदू ६५, ऑर्डर ३२. झाले १९३. म्हणजे ३२ ची किल्ली २२५ ला पडते, आणि तिच्या जोडीची सार्वजनिक किल्ली २५८ ला. दहा जोड्या ठेवल्या तर तेच पॅरामीटर वीस वेळा साठवले जाऊ शकतात. ३.०.५ मध्ये पॅरामीटर वाटून घेणारी किल्ली बनवायची सोय आली आहे. ती कार्डात असेल तर वापरा.

सायफर, सिग्नेचर, मेसेज डायजेस्ट यांचे ऑब्जेक्टही फुकट नसतात. बऱ्याच कार्डांवर ते रॅमही धरून बसतात. प्रत्येक क्लासने आपापला एईएस सायफर मागण्यापेक्षा अ‍ॅप्लेटमध्ये एक बनवा आणि सगळ्यांना द्या.

६ए८४ आले. कोणती मेमरी संपली?

कधी आले ते पाहा. लोडच्या आज्ञांच्या दरम्यान आले तर कोडची जागा संपली. ‘इन्स्टॉल फॉर इन्स्टॉल’ला, म्हणजे इन्स्टन्स बनवण्याच्या आज्ञेला, आले तर कायमचा डेटा किंवा रॅम, सांगता येत नाही. काही कार्डे तर तिथे ६एफ००, ६९८५ किंवा ६ए८० असे काहीही देतात, आणि तुम्ही इन्स्टॉल पॅरामीटरमध्ये चूक शोधत बसता.

माझी पद्धत अशी. कन्स्ट्रक्टरमध्ये सगळी ऑब्जेक्ट बनवण्याच्या भागाभोवती ‘सिस्टम एक्सेप्शन’ पकडायचे आणि त्यातले कारण ६एफ०० मध्ये मिळवून तेच स्टेटस म्हणून फेकायचे. कारण क्रमांक २ म्हणजे रॅम नाही, ५ म्हणजे बाकी मेमरी नाही. ६एफ०२ दिसले की रॅम, ६एफ०५ दिसले की कायमची. कार्ड हे स्टेटस गिळून आपलेच काही पाठवत असेल तर दुसरी युक्ती: इन्स्टॉल पॅरामीटरमध्ये एक बाइट द्यायचा आणि कन्स्ट्रक्टरने त्या क्रमांकाच्या टप्प्यापर्यंतच ऑब्जेक्ट बनवायची, पुढची सोडून द्यायची. कोणत्या टप्प्यापर्यंत इन्स्टॉल होते हे दोन-चार प्रयत्नांत कळते. अंतिम आवृत्तीतून हा बाइट आठवणीने काढा.

सी६, सी७, सी८ हे टॅग द्यायलाच हवेत का?

सक्ती नाही, पण आकडे माहीत असतील तर द्या. ‘इन्स्टॉल फॉर लोड’मध्ये (लोड सुरू करणाऱ्या आज्ञेत) ईएफ या टॅगखाली सी६ म्हणजे कोडला किमान किती जागा हवी, सी७ म्हणजे रॅम, सी८ म्हणजे कायमचा डेटा. वरच्या १२,०५० च्या उदाहरणात हे असे: ईएफ ०४ सी६ ०२ २एफ १२. फायदा एवढाच की जागा नसेल तर कार्ड पहिल्याच आज्ञेला नकार देते, पन्नासावा लोड ब्लॉक पाठवल्यावर नव्हे.

‘इन्स्टॉल फॉर इन्स्टॉल’मध्ये मात्र सी७ आणि सी८ यांचा अर्थ बदलतो. तिथे ते कोटा आहेत, म्हणजे या अ‍ॅप्लेटने याहून जास्त घ्यायचे नाही. सी९ ०० ईएफ ०८ सी७ ०२ ०२ ०० सी८ ०२ ०८ ०० असे दिले तर रॅम ५१२ आणि कायमची २,०४८ अशी मर्यादा पडते. मग अ‍ॅप्लेटने २,०४९ वा बाइट मागितला की कार्ड रिकामे असूनही अपयश. राखीव जागा हवी असेल तर डी७ आणि डी८ हे वेगळे टॅग आहेत. या दोघांची गल्लत मी एकाहून जास्त स्क्रिप्टमध्ये पाहिली आहे. ‘किमान एवढे हवे’ या समजुतीने कोटा घातलेला, आणि वर मोजताना वरचा खर्च धरलेला नाही. कार्डेही या टॅगांबाबत एकसारखी वागत नाहीत: काही काटेकोरपणे पाळतात, काही वाचून सोडून देतात.

पहिल्या दिवशी सगळे चालले, काही आठवड्यांनी कार्ड ६एफ०० द्यायला लागले. इन्स्टॉलचा हिशेब चुकला का?

इन्स्टॉलचा हिशेब बरोबर होता, गळती आहे. ‘प्रोसेस’ मेथडमध्ये कुठेतरी ‘न्यू’ शोधा. डेस्कटॉपच्या जावातून आलेला माणूस तिथे तात्पुरता अ‍ॅरे सहज बनवतो आणि विसरतो. कार्डावर तो अ‍ॅरे कायमच्या मेमरीत बनतो आणि कचरा आपोआप उचलायला कोणी येत नाही. ‘रिक्वेस्ट ऑब्जेक्ट डिलीशन’ ही मेथड २.२ पासून आहे, पण तीही सगळ्या कार्डांवर असेलच असे नाही. आधी ‘इज ऑब्जेक्ट डिलीशन सपोर्टेड’ विचारा. मला ती शेवटचा आसरा म्हणूनच बरी वाटते.

नियम साधा आहे: जे काही लागेल ते कन्स्ट्रक्टरमध्येच बनवा, जास्तीत जास्त आकाराचे. नंतर येणारे प्रमाणपत्र १,२०० बाइटांचे की १,८०० चे हे माहीत नसेल तर कमाल आकार इन्स्टॉल पॅरामीटरमधून घ्या. तीच कॅप फाइल लहान-मोठ्या दोन्ही कार्डांना चालते, आणि जागा नसेल तर ते इन्स्टॉलच्या वेळीच कळते, कार्ड माणसाच्या हातात गेल्यावर नाही. गळतीची चाचणीही सोपी आहे. शिल्लक मोजा, नेहमीची आज्ञामाला हजार वेळा चालवा, परत मोजा. दोन्ही आकडे तंतोतंत तेच आले पाहिजेत.

अ‍ॅप्लेट काढून टाकले की सगळी जागा परत येते?

इन्स्टन्स काढणे आणि पॅकेज काढणे वेगळे. डिलीटच्या आज्ञेत पी२ मध्ये ०० दिले तर तेवढीच वस्तू जाते, ८० दिले तर पॅकेजबरोबर त्याचे इन्स्टन्सही जातात. दुसऱ्या अ‍ॅप्लेटकडे तुमच्या ऑब्जेक्टचा रेफरन्स उरला असेल तर डिलीट नाकारले जाते.

आकडा परत आला तरी आकार परत येईलच असे नाही. मध्ये भोके पडलेल्या मेमरीत तेच मोठे पॅकेज पुन्हा बसत नाही, असे होते. चाचणीचे कार्ड शंभर वेळा चढव-उतार करून झिजलेले असते, त्यावरचे मोजमाप नव्या कार्डाला लावू नका. मोजायचे तर कोऱ्या कार्डावर मोजा, आणि डिलीटनंतर एकदा रीसेट करून मगच शिल्लक विचारा.

जुन्या जागी नवी आवृत्ती चढवताना दोन्हींची जागा लागते का?

साध्या पद्धतीत नाही, कारण जुने पूर्ण काढल्याशिवाय त्याच नावाचे नवे चढत नाही. त्यात इन्स्टन्सचा डेटाही जातो. डेटा राखून आवृत्ती बदलायची रीत ग्लोबलप्लॅटफॉर्मच्या अमेंडमेंट एच मध्ये दिली आहे. ती वापरायची तर जपून ठेवलेल्या डेटाची जागा आधीच धरून ठेवावी लागते.

सिम्युलेटरवर मोजले तर चालेल का?

जेकार्डसिमसारखा सिम्युलेटर तुमच्या संगणकाच्या जावा यंत्रावर चालतो, त्याला गीगाबाइटांची मेमरी उपलब्ध असते. तर्क तपासायला तो उत्तम आहे, मेमरीबद्दल त्याला विचारू नका. सनच्या जुन्या डेव्हलपमेंट किटमधला सीरेफ हा सिम्युलेटर झेड पर्यायाने चालवला की मेमरीच्या वापराचे आकडे छापतो. दोन रचनांपैकी कोणती हलकी हे त्यावरून कळते, पण ते आकडे त्याच्या स्वतःच्या अंमलबजावणीचे आहेत, तुमच्या कार्डाचे नाहीत.

हात राखून किती ठेवायचे?

मोजून काढलेला आकडा असेल तर कायमच्या मेमरीत मी दहा टक्के सोडतो, कागदावरचा असेल तर तीस. हा माझा अंदाज आहे, मानकात असे काही लिहिलेले नाही. रॅमला टक्केवारी लावत नाही. तिथे आकडा इतका लहान असतो की प्रत्येक अ‍ॅरे नावानिशी यादीत लिहितो: कोणाचा, किती बाइट, रीसेटला जातो की डीसिलेक्टला. यादी एका पानात मावते. कोणी नवा बफर मागितला की आधी त्या पानावर बोट ठेवून कोणता जुना वापरता येईल ते दाखवायला सांगतो.

पॅकेज ६४ केबीच्या वर गेले तर?

घटकाचा आकार दोन बाइटांत लिहिला जातो, त्यामुळे मेथड घटक ६५,५३५ च्या वर जाऊच शकत नाही. कॅप फाइल बनवणारा कन्व्हर्टर तिथेच थांबवतो. ३.१ मध्ये यासाठी विस्तारित कॅप फाइल आली, ती कार्डाला कळत नसेल तर कोड दोन पॅकेजेसमध्ये फोडा आणि सामायिक भाग लायब्ररी म्हणून आधी चढवा. फोडल्यावर दोन्हींचे घटक पुन्हा मोजा. लायब्ररीत एक्स्पोर्ट घटक येतो, दुसऱ्यात इम्पोर्ट वाढतो, आणि बेरीज आधीच्या एका पॅकेजपेक्षा थोडी जास्तच निघते.